दुपारी बारा ते तीन

रात्री बाहेर जेवायला जाणं आणि दुपारी बाहेर जेवायला जाणं हे एकच, असं समजणाऱ्या माणसाने बहुधा फक्त रात्रीचंच हॉटेल पाहिलेलं असतं. रात्री हॉटेलवाला दार उघडून धरतो. 'या सर, या मॅडम' म्हणतो. पाणी साधं की बाटलीचं, हे अशा सुरात विचारतो की साधं म्हणायची लाज वाटावी. दिवे मंद ठेवतो, म्हणजे मेनूकार्डाची उजवी बाजू नीट वाचता येत नाही. दुपारी यातलं काही नाही. दुपारी रखरखीत उजेड असतो, वर गरगरणारा पंखा असतो आणि दारात वही घेतलेला एक गृहस्थ असतो. तो वहीतून मान वर न काढता विचारतो, 'किती?'

'चार.'

'नाव?'

तुम्ही नाव सांगता. त्यातली त्याला पटतील तेवढी अक्षरं तो लिहून घेतो. अर्ध्या तासाने तो ती मोठ्याने वाचतो तेव्हा हे आपलंच नाव आहे हे ओळखण्याची जबाबदारी तुमची. ओळखलं नाहीत तर पुढचं नाव. दुसरी हाक देण्याची पद्धत दुपारी नसते.

हे मी नामवंत ठिकाणांबद्दल बोलतोय. कोपऱ्यावरचं साधं उडुपी हॉटेल दुपारीही प्रेमळ असतं. तिथे 'राईस प्लेट आहे का?' विचारलं की अण्णा मान डोलावतो आणि पाच मिनिटांत स्टीलचं ताट समोर येतं. पण ज्या ठिकाणचं नाव आजोबांनी सांगितलेलं असतं, ज्याची पाटी रंगवून पन्नास-साठ वर्षं झालेली असतात आणि जिथे परगावचा पाहुणा मुद्दाम 'तिथेच जेवायचं' म्हणून हटून बसतो, तिथला कायदा निराळा. रात्रीचं हॉटेल गिऱ्हाइकाच्या शोधात असतं. दुपारचं नामवंत हॉटेल गिऱ्हाइकाला सहन करतं.

मुंबईत याचं सगळ्यात सुसंस्कृत उदाहरण म्हणजे बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया. इराण्याने 1923 साली सुरू केलेलं हे हॉटेल. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणाऱ्या जॉर्ज विटेटनेच बॅलार्ड इस्टेटची आखणी केली, त्यामुळे तिथल्या रस्त्यावरून चालताना आपण भुकेले आहोत हे जरा ग्राम्य वाटू लागतं. दुसऱ्या महायुद्धात ही जागा लष्कराने ताब्यात घेतली होती. पुढे ती परत मिळाली आणि वर्षानुवर्षं हॉटेल दुपारपुरतंच उघडं राहिलं. बॅलार्ड इस्टेट हा कचेऱ्यांचा मुलूख. संध्याकाळी कारकून आणि साहेब दोघंही लोकल पकडायला पळाले की मागे उरतात त्या दगडी इमारती आणि पहारेकरी. मग रात्री शिजवायचं कोणासाठी? इतका सरळ विचार हॉटेल व्यवसायात फार थोड्यांना सुचतो.

तिथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. भाताच्या ढिगाखाली मटण किंवा कोंबडीचे तुकडे दडवलेले असतात, वर तळलेला कांदा, काजू आणि इराणहून येणारी लालचुटुक, आंबटढाण बारीक फळं. ही पाककृती मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नीने इराणमधल्या वास्तव्यानंतर इथे आणली. खुद्द कोहिनूर नव्वदी उलटल्यावरही टेबलाटेबलापाशी जाऊन ऑर्डर घेत. इंग्लंडच्या राजघराण्यावर त्यांचा विलक्षण जीव. 2016 साली राजपुत्र विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा कोहिनूर यांची त्यांच्याशी भेट झाली आणि ती साऱ्या शहराच्या आनंदाचा विषय ठरली. 2019 साली सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. दुपारच्या हॉटेलांतला हा दुर्मिळ अपवाद, की जिथे मालक गिऱ्हाइकाशी स्वतःहून बोलायचा. बाकी ठिकाणी मालक बोलतो तो फक्त 'सुटे द्या' एवढंच.

माझ्या ओळखीतल्या एका काकूंना तिथे नेलं होतं. त्यांनी पुलावाचा पहिला घास घेतला, लाल फळ दाताखाली आलं, डोळे मिटले आणि निर्णय दिला, 'करवंदं घातली असती तरी चाललं असतं.' मराठी माणसाला परदेशी पदार्थ आवडला, हे कबूल करण्याची ही आपली रीत. याहून मोठं प्रशस्तिपत्र तेहरानलाही मिळणार नाही.

ब्रिटानियातून माटुंग्याला यायचं म्हणजे पोर्सेलीनच्या बशीवरून केळीच्या पानावर यायचं. माटुंगा स्टेशनला खेटून, बाजाराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे. ते 1942 पासून चालू आहे. 1942 साली देशात एवढी उलथापालथ चालू असताना एक माणूस शांतपणे सांबार करत होता, आणि ते सांबार अजून चालू आहे. इथे आधी गल्ल्यावर पैसे भरून कूपन घ्यायचं. जेवणापूर्वी पैसे भरण्याचा मानसिक फायदा मोठा असतो. बिलाचा विचार मनातून गेलेला असतो, आणि दिलेले पैसे वसूल करण्याचा विचार त्याच जागी येऊन बसलेला असतो.

मग थांबायचं. थांबणाऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे बसलेल्या माणसांचे चेहरे सरकारी दवाखान्याच्या बाहेर बसलेल्यांसारखे असतात, फरक इतकाच की इथे आजार सगळ्यांचा एकच असतो. कोणी कोणाशी बोलत नाही. आतून रस्समचा वास येतो. प्रत्येक जण आपल्या पुढे किती जण आहेत ते मोजतो, आणि मागे किती आहेत ते मोजून समाधान मानतो.

आत पानावर वाढायला सुरुवात झाली की कसोटी लागते. केळीच्या पानाला कड नसते. रस्सम पातळ असतं. भात वाढपी वाढतो, त्यात खळगा तुम्ही करायचा, आणि खळगा पुरा व्हायच्या आत तो रस्सम ओतून पुढच्या पानाकडे गेलेला असतो. बाजूला बसलेले तमिळ आजोबा हे सगळं एका हाताने, न बघता, वर्तमानपत्राची घडी मांडीवर ठेवून करतात. त्यांच्या पानावरून एक थेंब बाहेर जात नाही. आपल्या पानावरचं रस्सम मात्र पायसम गाठून, पापडाला वळसा घालून टेबलाच्या कडेकडे निघालेलं असतं. आजोबा एकदा आपल्याकडे बघतात. काही बोलत नाहीत. फक्त आपलं वर्तमानपत्र उचलून दुसऱ्या मांडीवर ठेवतात.

यावर कोणी म्हणेल, दुपारी सगळीकडेच असा रूक्षपणा असतो का? नाही. काळबादेवीला जा. दादीशेठ अग्यारी लेनमधलं श्री ठाकर भोजनालय 1945 पासून गुजराती थाळी वाढतंय. तिथे जिना चढून गेलात की उपेक्षेचा प्रश्नच उरत नाही. तिथे संकट उलट बाजूने येतं. ताटात वाट्या मांडलेल्या असतात आणि तुम्ही बसताक्षणी चहूबाजूंनी माणसं धावून येतात. एकाच्या हातात फरसाण, एकाच्या हातात कढी, एकाच्या हातात तुपाचं भांडं. तुम्ही फुलक्याचा पहिला तुकडा मोडता न मोडता तोच दुसरा फुलका वर येऊन पडतो. 'बस' म्हटलं की वाढपी थांबतो, पण असं थांबतो की आपल्या हातून त्याचा काही कौटुंबिक अपमान झाला असावा.

गुजराती थाळीत गिऱ्हाईक हरतं ते पहिल्या दहा मिनिटांत. ढोकळा, फरसाण, पातरा, एखादी मिठाई हे सगळं भुकेच्या ऐन भरात येतं आणि भूक तिथेच खर्ची पडते. खिचडी-कढीपर्यंत, म्हणजे जिच्यासाठी जाणकार येतात तिच्यापर्यंत, पोचेस्तोवर माणूस नुसता डोळ्यांनी जेवत असतो. थाळीला 'अनलिमिटेड' म्हणतात ते वाढणाऱ्याच्या बाजूने. खाणाऱ्याच्या बाजूने ती निसर्गानेच मर्यादित केलेली आहे, आणि मालकाला हे आपल्या आधीपासून ठाऊक असतं. तिथला आग्रह खोटा नाही, पण अडाणीही नाही.

दादरची गोष्ट वेगळी. दादरला दुपारचं जेवण हा पंचांगाचा विषय आहे. गोमंतक, सिंधुदुर्ग वगैरे माशांच्या हॉटेलांत कोणत्या दिवशी किती गर्दी, हे हवामान खात्यापेक्षा तिथला गल्ल्यावरचा माणूस नेमकं सांगेल. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी वजा जाता आठवड्यात जे उरतं त्यात सगळं दादर, परळ आणि प्रभादेवी जेवायला उतरतं. रविवारचं तर बोलायलाच नको. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी. ही बंदी उठते न उठते तोच बऱ्याच वर्षी श्रावण येऊन टपकतो. म्हणजे समुद्र सरकार बंद करतं आणि तोंड घरचे बंद करतात. त्या आधीची आषाढी अमावास्या, जिला पंचांग दीप अमावास्या म्हणतं आणि गिऱ्हाईक गटारी म्हणतं, त्या दिवशी दुपारी या हॉटेलांच्या दारात जी रांग लागते ती पाहून वाटावं, की उद्यापासून मासे कायद्याने गुन्हा ठरणार आहेत.

रांगेतून आत गेल्यावर वेटरशी होणारा संवाद हा अभ्यासाचा विषय आहे.

'सुरमई ताजी आहे का?'

या प्रश्नाला जगाच्या आरंभापासून 'नाही' असं उत्तर कोणी दिलेलं नाही. तरी आपण विचारतो. वेटर आपल्या खांद्यावरून पलीकडच्या टेबलाकडे बघत म्हणतो, 'सगळं ताजंच आहे.'

'पापलेट केवढ्याला?'

'साइजवर आहे.'

'साइज केवढी आहे?'

'मोठी आहे.'

'म्हणजे केवढ्याला?'

'बोला ना साहेब, थाळी आणू का?'

आणि आपण थाळी म्हणतो. पापलेटची किंमत ही माणसाने विचारून घ्यायची गोष्ट नाही, बिलात वाचायची गोष्ट आहे, हे त्या एका क्षणात कळतं. मग थाळी येते. तळलेली सुरमईची तुकडी, तिसऱ्यांचं सुकं, वाटीत लालभडक कालवण, तांदळाची भाकरी, भात आणि सोलकढी. पहिला घास पोटात गेला की मघाचा सगळा संवाद माफ होतो. दुसऱ्या घासाला आपणच वेटरला 'दादा' म्हणू लागतो.

दादरला अभिमान शाकाहाराचाही आहे. शिवसेना भवनासमोरच्या आस्वादच्या मिसळीला 2015 साली फूडीहब नावाच्या पुरस्कारात जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवण्यात आलं. सोहळा लंडनला झाला. बातमी वाचून दादरकरांना आश्चर्य वाटलं ते मिसळीचं नव्हे, लंडनला इतक्या उशिरा कळलं याचं. पुरस्काराचा परिणाम मात्र रांगेवर झाला. आधी ज्या रांगेत फक्त दादर होतं तिच्यात आता बोरिवली आणि बडोदाही उभे राहतात, आणि खरा दादरकर त्यांच्याकडे, आपल्या वाड्यात आलेल्या भाडेकरूंकडे बघावं तसा बघतो.

गर्दीच्या या हॉटेलांत आणखी एक प्राणी आढळतो. त्याच्यावर अद्याप कोणी पीएच.डी. केलेली नाही. तो म्हणजे खुर्चीमागे उभा राहणारा. जिथे वही नसते, कूपन नसतं, तिथे जागा मिळवण्याचा एकच मार्ग. अर्धं जेवण झालेला माणूस हेरायचा आणि त्याच्या पाठीशी जाऊन उभं राहायचं. हे काम येरागबाळ्याचं नाही. कोण किती वेळात उठेल याचा अंदाज लागतो. पहिल्या भातावर असलेल्याच्या मागे नवशिका उभा राहतो. जाणता माणूस दुसऱ्या भाताचा शोध घेतो. ताक मागवलेला माणूस म्हणजे सोन्याची खाण. पण त्यातही फसगत असते. ताक पिऊन झाल्यावर 'जरा एक सुकी चपाती आण रे' म्हणणारे महाभाग या शहरात आहेत, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून निघालेला सुस्कारा त्यांच्या मानेला गरम लागतो.

बसलेल्याचीही अवस्था बरी नसते. आपल्या डाव्या खांद्यावरून कोणाचं तरी पोट डोकावत असतं. आपण आमटी भुरकतो, तर मागची बाई नवऱ्याला हळूच म्हणते, 'हे अजून भात घेणार बहुतेक.' आपण खरं तर घेणार नसतो. पण आता घेतो.

पुण्याला हे चालत नाही. तिथे वही आहे, यादी आहे आणि पाटी आहे. पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद, या विनोदाला आता निवृत्तिवेतन सुरू करायला हवं. पण दुकानं बंद करून ही माणसं जातात कुठे, हे विनोद करणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. ती जेवायला जातात. टिळक रस्त्यावरचं बादशाही तीसच्या दशकापासून जेवायला घालतंय. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस 1935 साली नानासाहेब सरपोतदारांनी काढलं. हे मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक. मूकपट थांबले आणि त्यांनी खानावळ सुरू केली. व्यवसाय बदलला, पण तत्त्व तेच राहिलं, कारण चांगलं जेवण समोर आलं की माणूस फार बोलत नाही. पुढे नाटक-सिनेमातली कितीतरी माणसं, नावाजलेली आणि न नावाजलेली, तिथे जेवून गेली.

पुण्याच्या डायनिंग हॉलची शिस्त पाहायची तर आमच्या दाजींबरोबर जावं. दाजी मूळचे साताऱ्याचे, पण नोकरीनिमित्त पुण्यात राहून पुण्याहून पुणेरी झालेले. एका डायनिंग हॉलमध्ये यादीत नाव लिहून आम्ही बाहेर उभे होतो. मी म्हटलं, 'दाजी, फार वेळ लागेल. दुसरीकडे जाऊ या का?'

दाजी म्हणाले, 'जिथे वेळ लागत नाही तिथे जेवून काय करायचं?'

'अहो, पण भूक लागली आहे.'

'भूक लागूनच यायचं असतं. इथे येऊन भूक लागली म्हणणं हे देवळात जाऊन हात जोडावे लागले म्हणण्यासारखं आहे.'

आत जाऊन बसलो. भिंतीवर पाट्या. ताटात टाकू नये. बाहेरचे पदार्थ खाऊ नयेत. टेबलावर हिशेब करत बसू नये. रविवारी सकाळी फीस्ट, संध्याकाळी बंद. मी वाढप्याला जरा कोशिंबीर मागितली. त्याने वाढली. पुन्हा मागितली. त्याने भिंतीकडे पाहिलं. मीही पाहिलं. कोशिंबिरीवर पाटी नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर मात्र, उद्यापासून असेल, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पण त्या ताटातली अळूची भाजी खरोखर नीट केलेली होती. दाणे शिजलेले आणि तरी अख्खे, खोबऱ्याच्या कातळ्या पातळ, गूळ जिभेला कळेल इतपत आणि चिंच त्याच्या अर्धं पाऊल मागे. सोबत वरणभातावर लिंबाची फोड आणि तूप. घरी अशी भाजी होत नाही असं नाही, पण घरी ती सणावारी होते. इथे ती साध्या बुधवारी होते, आणि शेकडो माणसांसाठी होते. दाजी शेवटचा ताकभात संपवून म्हणाले, 'आता सांग, थांबलो ते वाया गेलं का?' दाजींना हरवण्याचा एकच प्रकार असतो. त्यांचं बिल आपण द्यायचं. मी दिलं नाही. हरवणं शोभलं नसतं.

आता नव्या मुंबईच्या, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुपारबद्दल थोडक्यात. थोडक्यात यासाठी, की तिथे जेवण थोडकंच असतं. तिथे 'बिझनेस लंच' असतो. काचेच्या भिंती, थंडगार हवा आणि भल्यामोठ्या पांढऱ्या ताटलीच्या मध्यभागी एक अल्पसंख्य पदार्थ. चौघं जेवायला बसतात, चौघांचे फोन टेबलावर उताणे ठेवलेले असतात. बिल आलं की चौघंही एकदम पाकिटाला हात घालतात, आणि सगळ्यात हळू घालणारा कोण, यावर पुढच्या सौद्याच्या अटी ठरतात. बिलात पाच टक्के जीएसटी असतो, तो निमूट भरावा. सेवाशुल्क आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 साली ते उचलून धरलं आहे. तेव्हा ते लावलं असेल तर काढायला सांगता येतं. पण समोर व्यवसायातला मोठा माणूस बसलेला असताना शे-दोनशे रुपयांसाठी कायदा उच्चारायला जे काळीज लागतं ते माटुंग्याच्या गिऱ्हाइकाकडे असतं, वांद्रे-कुर्ल्याच्या गिऱ्हाइकाकडे नसतं. आणि माटुंग्याला असलं शुल्क कोणी लावतच नाही.

या सगळ्याचं मूळ काय? नामवंत ठिकाणची माणसं तुसडी असतात म्हणून हे होतं का? माझ्या मते हा स्वभावाचा प्रश्नच नाही. ही अंकगणिताची बाब आहे. समजा हॉलमध्ये पन्नास खुर्च्या आहेत. जेवणाची वेळ बारा ते तीन, म्हणजे तीन तास. माणूस अर्ध्या तासात उठला तर तीनशे जण जेवतात. तोच तासभर गप्पा मारत बसला तर दीडशे. भाडं तेवढंच, गॅस तेवढाच, आचाऱ्याचा पगार तेवढाच. म्हणजे तुमच्या बडीशेपेनंतरच्या वीस मिनिटांच्या गप्पांचा खर्च कोणाच्या तरी थाळीवर पडतो. तो पडू नये म्हणून वाढपी तुमचं ताट तुम्ही हात धुवायला उठण्यापूर्वीच उचलायला बघतो. फडका मारताना तो तुमच्या कोपरावरूनही मारतो. यात अपमान नाही. हा त्रैराशिकाचा भाग आहे.

आणि याच गणितातून चव येते. सकाळी भाजी आली, दहाला फोडणीला पडली, बाराला वाढली, तीनला संपली. उरलंसुरलं रात्री 'शेफ स्पेशल' म्हणून परत येण्याची सोयच नाही. पदार्थ पाच-सात, तेही रोज ठरलेले. ज्याला रोज एकच आमटी तीनशे माणसांसाठी करायची आहे त्याच्या हाताला मीठ मोजावं लागत नाही. चोवीस पानी मेनूकार्ड असलेल्या हॉटेलात चायनीज, पंजाबी, मेक्सिकन आणि थालीपीठ एकाच गाळ्यात शिजतं, आणि त्या सगळ्यांची चव शेवटी त्या गाळ्याची लागते.

ही दुपारच्या जेवणाची परंपरा मुंबईत साहेबांच्या आधी कामगारांनी घडवली हेही विसरू नये. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले हजारो पुरुष. त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने पंगत उठायची, कारण पाळी सुटायची आणि दुसरी भरायची. याच खानावळवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या खोलीत गिऱ्हाइकाला कोणी 'सर' म्हटलं नसेल. पण जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा पहिला हिशेब तिथल्या जेवणाचाच कोलमडला. माणसाच्या नावापुढे उधारी लिहिणारी वही आणि आजच्या रांगेची वही, दोन्ही एकाच घराण्यातल्या. पहिली जास्त विश्वासाची होती, एवढंच.

काही वह्या मिटल्या. गिरगावातल्या खोताच्या वाडीतलं अनंताश्रम आता नाही. तिथले मासे आणि तिथला फटकळपणा या दोन्ही गोष्टी जुने गिरगावकर सारख्याच प्रेमाने सांगतात. एखाद्या ठिकाणी ओरडा खाल्ल्याचं माणसं तीस वर्षांनी कौतुकाने सांगतात, तेव्हा तिथलं कालवण काय असेल याची कल्पना करावी. गोड बोलणाऱ्या हॉटेलांची अशी आठवण कोणी काढत नाही. त्यांची आठवण काढायला त्यांनाच आपल्याला मोबाइलवर संदेश पाठवावे लागतात. वाढदिवसाला दहा टक्के सूट.

म्हणून माझा निर्णय स्पष्ट आहे. दुपारी जेवायचं तर ज्याला आपली गरज नाही अशाच ठिकाणी जेवावं. ज्या हॉटेलवाल्याला आपण येण्याचा फार आनंद झाला आहे, तिथे काहीतरी गडबड आहे, असं खुशाल समजावं.

जाणाऱ्यांना चार सूचना. बाराच्या आधी पोचा, म्हणजे रांगेत पहिले नाही तरी सज्जन दिसता. सुटे पैसे जवळ ठेवा, यूपीआयच्या दिवसांतही गल्ल्यावरच्या माणसाच्या चेहऱ्यावर हसू आणण्याचा तो एकमेव ज्ञात उपाय आहे. सहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका, आणि नेलीत तर सगळ्यांना एकाच टेबलावर बसायचं आहे हा हट्ट सोडा. रोज घरी एकत्र जेवता तेव्हा तरी एकमेकांशी कुठे बोलता? आणि निघण्यापूर्वी हॉटेल आज चालू आहे ना, हे फोन करून विचारा. कोणी फोन उचलला नाही तर चालू आहे असं समजून बिनधास्त निघा. उचलला, तर बंद आहे. चालू असताना फोन घ्यायला त्यांना वेळ नसतो.